शिकागोच्या टोळ्या, सहा अनोळखी खेळाडू आणि चार तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियातल्या एका कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे अशा खेळांच्या संमेलनात, तुम्ही पहिल्यांदाच स्वतःचा मिनिएचर खेळ (टेबलावर छोट्या पुतळ्यांनी, म्हणजे फिगरांनी खेळायचा) लावणार आहात. विषय १९२० च्या दशकातलं शिकागो, दारूबंदी आणि टोळ्या. आठ खेळाडू, प्रत्येकाला दहा फिगर, सहा बाय चार फुटांचं टेबल, वेळ चार तास. घरी मित्रांना घेऊन खेळून पाहिलंत तेव्हा दोन तासांत निम्मे जण बाद झाले आणि उरलेले दोन टोकांना आडोसा धरून नुसते फासे टाकत बसले. म्हणून तुम्ही विचारताय की नियमांचा कोणता संच चांगला. आणि जाता जाता, शिकागोऐवजी मुंबई घेतली तर कसं, हेही विचारलंय.

नियमांचा संच बदलून हे सुटणार नाही. तुम्ही मांडलेली आहे लढाई, फक्त शिपायांना सूट आणि हॅट घातली आहे. लढाईत समोरच्याला संपवणं हेच काम असतं, त्यामुळे दोन्ही बाजू आडोसा शोधून गोळ्या झाडतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. टोळीचं तसं नसतं. टोळीला माल हवा असतो, पैसा हवा असतो, आणि उद्याही धंदा चालू राहायला हवा असतो. गोळीबार हा तिच्या दृष्टीने खर्च आहे. तुमच्या टेबलावर गोळी झाडणं जोवर फुकट आहे, तोवर कुठलेही नियम घ्या, खेळ आडोशाआडच अडकणार.

आधी एक सांगतो. मी पुढे जे आकडे देणार आहे ते चार तासांच्या, नाव नोंदवून येणाऱ्या खेळाडूंच्या खेळाचे आहेत. हिस्टोरिकॉन किंवा फॉल इन! सारख्या इतिहासावरच्या खेळांच्या संमेलनांना येणारी माणसं मुरलेली असतात, मोजपट्टी त्यांच्या खिशातच असते. इंडियानापोलिसच्या जेन कॉनला, जिथे सगळ्याच प्रकारचे खेळ असतात, तुमच्या टेबलावर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात कधी फिगर हलवलेली नसेल. आणि लंडनच्या सॅल्यूटसारख्या एक दिवसाच्या प्रदर्शनात लोक येता-जाता थांबतात, तिथे अर्ध्या-पाऊण तासात संपेल असंच काहीतरी लागतं. मदतीला कोणी आहे की तुम्ही एकटेच, यावरही बरंच ठरतं. एकटे असाल तर सहाच्या वर खेळाडू घेऊच नका.

सहा का, याचा हिशेब साधा आहे. आठ जणांच्या दहा-दहा फिगर म्हणजे ऐंशी. एक फिगर हलवायला, मोजायला, फासा टाकायला वीस सेकंद धरले तरी एक फेरी व्हायला सत्तावीस मिनिटं लागतात. तीन तासांच्या प्रत्यक्ष खेळात जेमतेम सहा-सात फेऱ्या. शिवाय आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक माणूस वीस-पंचवीस मिनिटं रिकामा. तो मोबाईल काढतो, मग उठून विक्रेत्यांच्या दालनात चक्कर मारायला जातो, आणि परत येतो तेव्हा त्याला खेळाचा धागा सापडत नाही. सहा जणांच्या चार-चार फिगर घ्या: एक म्होरक्या, तीन माणसं. चोवीस फिगर, आठ मिनिटांची फेरी. बोलणं, भांडणं, शंका विचारणं धरूनही बारा फेऱ्या आरामात होतात, आणि गोष्टीला वळणं घ्यायला तेवढ्या लागतातच.

आता प्रसंग. मी स्वतः जो लावतो तो १९ मे १९२४ च्या पहाटेचा आहे, शिकागोच्या सीबेन ब्रूअरीवरच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यावरच्या धाडीचा. घटना अशी: जॉनी टॉरिओ आणि डीन ओबॅनियन या दोन टोळीप्रमुखांचा या ब्रूअरीत हिस्सा होता. ओबॅनियन म्हणाला, मला धंदा सोडायचाय, माझा हिस्सा घे. पाच लाख डॉलरला सौदा ठरला. ओबॅनियनला पोलिसांची धाड पडणार असल्याची खबर आधीच लागली होती, टॉरिओला नव्हती. धाड पडली तेव्हा ट्रक भरले जात होते आणि दोघेही जागेवर सापडले. दारूबंदी कायद्याखाली ओबॅनियनचा हा पहिलाच गुन्हा, म्हणून त्याला फारशी झळ बसणार नव्हती. टॉरिओला त्याच कायद्याखाली आधी दंड झालेला होता, त्यामुळे त्याला तुरुंग ठरलेला. त्याला पुढे नऊ महिन्यांची कैद झाली. १० नोव्हेंबर १९२४ ला ओबॅनियन स्वतःच्या फुलांच्या दुकानात मारला गेला.

यात खेळ कुठे आहे ते बघा. एकाच अंगणात उभ्या असलेल्या दोन भागीदारांपैकी एकाला ठाऊक आहे की पोलीस येताहेत. त्याला पळून जायचं नाही, उलट दुसरा पळू नये असं त्याला वाटतंय. गोळी एकही न झाडता केवढा ताण तयार होतो!

या अंगणात मी सहा पक्ष ठेवतो. पहिला भागीदार, ज्याला ट्रक भरून बाहेर काढायचेत. दुसरा भागीदार. मग एक सलूनवाला, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा मालक, ज्याने आगाऊ पैसे दिलेत आणि ज्याला पिंपं हवीत, कोणाकडून का मिळेनात. हप्ता घेणारे दोन गस्तीचे पोलीस, त्यांना बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिंपामागे पैसे. धाड घालणारं पथक, त्यांना पिंपांशी देणंघेणं नाही, म्होरके जिवंत हवेत. आणि वार्ताहर, सोबत फोटोग्राफर. यातले सलूनवाला आणि वार्ताहर माझ्या कल्पनेतले. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड, त्यावर आपल्या फिगरांचा फोटो आणि डॉलरमध्ये लिहिलेलं उद्दिष्ट. उद्दिष्टं गुप्त. जिंकणं-हरणं फक्त डॉलरवर.

एक खबरदारी मात्र घ्याच. इतिहासाच्या कन्व्हेन्शनला येणाऱ्यांपैकी एकाला तरी सीबेनची गोष्ट पाठ असते. कार्डावर ओबॅनियन हे नाव दिसलं की फितूर कोण हे त्याला पहिल्याच मिनिटाला कळतं आणि सगळी मजा जाते. म्हणून मी नावं काल्पनिक ठेवतो आणि ‘धाडीची खबर तुला आहे’ ही चिठ्ठी पोलीस आणि वार्ताहर सोडून उरलेल्या तिघांमध्ये पिसून वाटतो. खरी हकिकत खेळ संपल्यावर सांगतो. तेव्हा ती ऐकायला माणसं कान टवकारून उभी असतात, कारण त्यांनी ती आत्ताच भोगलेली असते.

आता गोळीबार महाग कसा करायचा. माझ्याकडे टेबलाच्या कडेला ‘बोभाटा’ नावाची एक पट्टी असते, शून्य ते बारा. पिस्तुलाची एक गोळी म्हणजे एक घर पुढे. शॉटगन दोन. सहावर पोहोचला की धाडीची गाडी ठरलेल्या वेळेच्या एक फेरी आधी येते. बारावर शहराबाहेर जाणारा रस्ता बंद, म्हणजे ट्रकमध्ये जे आहे ते तिथेच राहिलं. ही पट्टी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. लोक एकमेकांना गोळी झाडण्यापासून अडवायला लागतात, ‘अरे थांब, चारवर आलाय’ असं ओरडतात, आणि तिथून सौदेबाजी सुरू होते. सौदेबाजी सुरू झाली की तुमचं निम्मं काम झालं.

गोळी लागण्याचा परिणामही बदला. २० सप्टेंबर १९२६ ला शिकागोला लागून असलेल्या सिसरोच्या हॉथॉर्न हॉटेलवर गाड्यांचा ताफा नेऊन, टॉरिओची टोळी पुढे चालवणाऱ्या अल कपोनच्या दिशेने हजारभर गोळ्या झाडल्या असं सांगतात. मेलं कोणीच नाही. कपोनला अंगरक्षकाने जमिनीवर पाडलं आणि तो वाचला. चालत्या गाडीतून, घाबरलेल्या माणसाने झाडलेली गोळी अशीच असते. म्हणून माझ्या खेळात पहिला नेम लागला की फिगर मान खाली घालते आणि तिची पुढची पाळी जाते. त्याच फेरीत दुसरा लागला तर जखमी, मग अर्ध्या वेगाने लंगडत चालते. म्होरक्या सहाव्या फेरीआधी मरत नाही, हे मी सुरुवातीलाच जाहीर करतो. पैसे देऊन तिकीट काढलेला माणूस तासाभरात बाद होणं मला मान्य नाही, मग ते कितीही वास्तवाला धरून असो.

तुमच्या यादीत प्रत्येक टोळीकडे दोन-दोन टॉमी गन, म्हणजे एका दमात भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आहेत. फिगर विकत घेताना तो मोह होतोच, सुंदर दिसतात त्या. पण शिकागोच्या टोळीयुद्धात ती बंदूक पहिल्यांदा वाजली सप्टेंबर १९२५ मध्ये. १९२४ च्या प्रसंगात ती नको. आणि १९२६ चा प्रसंग घेणार असाल तर संपूर्ण टेबलावर एकच ठेवा, कुठल्या तरी गाडीच्या डिकीत. मग ती मिळवणं हाच एक उद्योग होतो.

मालाचं वजन जाणवू द्या. बिअरचं अमेरिकी पिंप ३१ गॅलनचं, म्हणजे सुमारे ११७ लिटर. भरलेलं लाकडी पिंप एका माणसाला उचलवत नाही, दोघांनी लोळवत न्यावं लागतं. माझा नियम: दोन फिगर मिळून एक पिंप एका फेरीत चार इंच नेतात आणि नेताना बंदूक वापरू शकत नाहीत. चार माणसांच्या टोळीने दोन पिंपं घेतली की राखणीला कोणीच उरत नाही. प्रत्येक फेरीला खेळाडूला ठरवावं लागतं: माल की पहारा. या एका नियमाने खेळाला जेवढी जान येते तेवढी बंदुकांच्या दहा पानी तक्त्याने येत नाही.

वार्ताहराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बहुतेक जण ही भूमिका गाळतात. एका खेळात बाबांबरोबर आलेल्या एका शाळकरी मुलीने वार्ताहर घेतला. तिच्याकडे बंदूक नाही, तिला कोणी गोळी घातली तर बोभाटा थेट चार घरं पुढे जातो. तिचं उद्दिष्ट एवढंच: पोलीस आणि म्होरक्या एकाच चौकटीत दिसतील असा फोटो. तिने फोटोग्राफर कोळशाच्या शेडच्या छपरावर चढवला, टेबलाशी डोळा लावून बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, ‘हप्ता घेताना दिसतोय.’ गस्तीचा पोलीस खेळणारे गृहस्थ या खेळांत केस पिकलेले. त्यांनी वाकून खात्री केली आणि खिशातले सगळे डॉलर तिच्यापुढे ठेवले, फोटो न छापण्याचे. तिने ते घेतले नाहीत. पुढचा अर्धा तास अंगणातल्या प्रत्येकाला तिची मर्जी राखावी लागली. नवखा, लहान किंवा लाजाळू कोणी आला तर ही भूमिका त्याच्या हातात द्या.

टेबलाचं. हॉटेलांत मिळणारी टेबलं बहुधा सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असतात, दोन जोडली की पाच फूट रुंदी होते. नोंदणीच्या अर्जात काय मागता ते नीट लिहा आणि कापड मोठं न्या, ते सगळ्या बाजूंनी खाली लोंबायला हवं, खोकी त्याखाली लपतात. मधोमध उंच इमारती ठेवू नका. शिकागो म्हटलं की पाच मजली इमारती उभ्या कराव्याशा वाटतात, पण मग पलीकडचा खेळाडू दिसत नाही आणि त्याची फिगरही. उंच इमारती एका आखूड कडेला, पाठीमागचा पडदा म्हणून. मध्ये अंगण, शेड, छप्पर उचलता येईल असं एकमजली बांधकाम. २८ मिलिमीटरच्या फिगरांना १:४३ मापाच्या गाड्या शोभतात. मोठी गाडी त्या मापात साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि चारेक सेंटिमीटर रुंद होते. रस्ता सहा इंचांपेक्षा अरुंद केलात तर दोन गाड्या आणि कडेने माणसं एकदम मावणार नाहीत. फिगरांच्या तळांच्या कडा पक्षाप्रमाणे रंगवा. हॉटेलच्या दालनातल्या पिवळट उजेडात करडा सूट आणि निळा सूट एकच दिसतो.

नियमांचं एकच पान, मोठ्या अक्षरात, प्रत्येकाला एक. फासे एकाच प्रकारचे. पाळ्या पत्त्यांनी ठरवा: प्रत्येक पक्षाचा एक पत्ता, पिसायचा, निघेल त्याने चालायचं. दोघं टेबलाच्या वेगवेगळ्या टोकांना असतील तर दोन पत्ते एकदम काढा, दोघांना एकाच वेळी हलवू द्या. आणि तुम्ही स्वतः खेळू नका. चालवणाऱ्याचा एक पक्ष टेबलावर असला की त्याच्या प्रत्येक निवाड्याकडे लोक संशयाने बघतात.

चार तासांची माझी वाटणी साधारण अशी: पहिली वीस मिनिटं ओळख आणि नियम, त्यातही नियम दहाच मिनिटं, उरलेले खेळता खेळता. मग तीन तास खेळ. मग वीस मिनिटं कार्डं उलगडणं, पैसे मोजणं, खरी गोष्ट सांगणं. राहिलेल्या वेळात आवराआवर, कारण पुढचा माणूस त्याची खोकी घेऊन दारात उभा असतो. शेवटच्या दोन फेऱ्या कधी येणार ते अर्धा तास आधी मोठ्याने सांगा. शेवट माहीत असला की लोक हातचं राखून ठेवलेलं बाहेर काढतात.

सहा जण येतीलच असं नाही. कधी चार येतात, कधी सहा येऊन वर दोघं उभे असतात. जेन कॉनला तर कुठल्याही खेळाला चालणारी जेनेरिक तिकिटं घेऊन लोक ऐनवेळी उगवतात. सलूनवाला आणि वार्ताहर नसले तरी प्रसंग चालेल असा बांधा, हे दोन पक्ष मग माणसं असतील तसे घाला. सहाव्या फेरीनंतर कोणाचा म्होरक्या पडलाच तर त्याला घरी पाठवू नका, धाडीच्या दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग त्याच्या हातात द्या. जुन्या हिशेबांची वसुली तो ज्या उत्साहाने करतो ते बघण्यासारखं असतं.

काही गोष्टी मी टेबलावर आणत नाही. १४ फेब्रुवारी १९२९ चं सेंट व्हॅलेंटाइन हत्याकांड लोक हमखास सुचवतात. सात माणसांना गॅरेजच्या भिंतीशी उभं करून मारलं, त्यात कोणाला काही ठरवायची संधीच नव्हती. ज्यात निवड नाही त्यात खेळ नाही, आणि तो देखावा मांडून हसतखेळत फासे टाकणं मला जमत नाही. इटालियन, आयरिश उच्चारांची नक्कल मी स्वतः करत नाही आणि कार्डावर तसलं काही लिहीत नाही. टेबलाभोवतीच्या अमेरिकनांत त्यांची नातवंडं-पतवंडं असतात. खेळाच्या माहितीत ‘गुन्हेगारी विषय, पालकांसोबत मुलांचं स्वागत’ असं स्पष्ट लिहा.

सजावटीसाठी खेळण्यातली टॉमी गन नेण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. कन्व्हेन्शनचे शस्त्रांबाबतचे नियम खेळण्यांनाही लागू असू शकतात, आधी वाचा. खोट्या नोटांचंही तसंच. अमेरिकेत डॉलरची रंगीत प्रतिकृती छापायची तर ती खऱ्या नोटेच्या पाऊणपट लांबी-रुंदीपेक्षा लहान किंवा दीडपटीपेक्षा मोठी हवी आणि एकाच बाजूला छापलेली हवी. सरळ स्वतःच्या ब्रूअरीच्या नावाच्या नोटा काढा, दिसायलाही छान दिसतात.

राहिला मुंबईचा प्रश्न. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं टोळीयुद्ध मी घेणार नाही. त्यात गेलेल्यांची बायकामुलं आज तुमच्या-माझ्या वयाची आहेत, त्यांच्यापैकी कोणी टेबलाशी येऊन उभं राहिलं तर मला काय बोलावं कळणार नाही. पण आपल्याकडचा एक विषय या पद्धतीच्या खेळाला फार चांगला जमतो: कोकणच्या किनाऱ्यावर उतरणारं सोनं. १९६८ चा सोने नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, मधली वर्षं तुमची. दहा तोळ्यांची बिस्किटं, प्रत्येकी सुमारे ११७ ग्रॅम, म्हणजे एक माणूस बरीच अंगावर वागवू शकतो पण मग त्याला पोहता येत नाही. बाहेर उभं गलबत, मासेमारीच्या होड्या, कस्टमची जीप, गावचा पोलीस पाटील, ट्रकवाला, आणि घड्याळाच्या जागी ओहोटी. पाणी उतरलं की होडी रेतीत रुतली. यात पिस्तूल एखादंच पुरे. अमेरिकन खेळाडूला हे जग नवं आहे, त्यामुळे ओळखीची वीस मिनिटं पस्तीस होतील, तेवढी तयारी ठेवा. पहिल्या खेळाला मी म्हणेन शिकागोच, कारण फेल्ट हॅट आणि काळी गाडी दिसली की कोण काय आहे हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या वर्षी कोकण जरूर लावा.

कन्व्हेन्शनच्या आधी एकदा तरी हा खेळ अशा लोकांना खेळवा ज्यांनी तुमचा पहिला खेळ पाहिलेला नाही, आणि त्यांना पान हातात देऊन गप्प बसा. जो प्रश्न दोघांनी विचारला त्याचं उत्तर पानावर मोठ्या अक्षरात यायला हवं. ज्या नियमाची तीन तासांत कोणाला गरज पडली नाही तो काढून टाका. मग कार्डं आणि ते पान मला पाठवा, मी वाचून सांगतो.